न फुटलेला गोळा आणि सातबारा

आज लढाईची गोष्ट सांगणार नाही. लढाई संपल्यावर, सराव आटोपल्यावर, फौज तळ उठवून निघून गेल्यावर जमिनीत मागे काय राहतं, त्याची गोष्ट सांगणार आहे. आणि सुरुवात माझ्या फाटकापासून करतो.

या मालिकेत नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. पुण्यात इतिहास घेऊन बी.ए. केलं आणि तोफखान्यात दाखल झालो. बायकोचं माहेर म्हैसूरचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. निवृत्तीनंतर आम्ही बन्नूरला थोडी जमीन घेतली. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटर, कावेरीच्या काठी. भात, ऊस, गूळ आणि बन्नूरची मेंढरं, एवढी इथली ओळख.

मागच्या पावसाळ्याआधी एका सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. चालवणारा शेजारच्या मळ्यातला मुलगा, वय एकवीस-बावीस. मागे त्याची धाकटी बहीण कॉलेजची बॅग घेऊन बसलेली. आणि पुढे, पाय ठेवायच्या जागेवर, दोन पायांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"सार, जेसीबीला हे लागलं. बॉम्ब आहे का बघता?"

मी त्याला म्हटलं, "गाडी स्टँडवर लाव. पोत्याला हात लावू नकोस. दोघंही चालत माझ्याकडे या." माझा आवाज बदललेला बघून ती पोर रडकुंडीला आली. आम्ही सगळे मागच्या दाराने शेतात गेलो, तिथून मी ११२ ला फोन लावला. आधी ठाण्याचे पोलीस आले, मग म्हैसूरहून बॉम्बशोधक पथक आलं. दोन-अडीच तास रस्ता बंद. शेवटी पोतं उघडलं तेव्हा निघालं काय, तर उसाच्या जुन्या चरकाचा लोखंडी तुकडा! इथे पूर्वी गुऱ्हाळ होतं म्हणे.

गाव हसलं. मुलाचे वडील संध्याकाळी माफी मागायला आले. मी त्यांना कॉफी दिली आणि म्हटलं, "अहो, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न बरोबर होता. फक्त विचारायची पद्धत चुकली. बॉम्ब आहे का हे बघायला बॉम्बच घेऊन यायचा नसतो."

प्रश्न बरोबर होता असं मी का म्हणतो? त्यासाठी ही आमच्या आसपासची जमीन जरा बघा.

कावेरीच्या काठाने इथून वर गेलात की अरकेरे लागतं. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस फौज घेऊन तिथे पोचला आणि १५ मे रोजी टिपूशी त्याची लढाई झाली. लढाई त्याने जिंकली, पण पुढे श्रीरंगपट्टणला वेढा घालायचं बळ उरलं नाही. पाऊस सुरू झालेला, बैल मेलेले, धान्य संपलेलं. तो कन्नंबाडीपर्यंत सरकला आणि तिथे त्याने आपल्याच वेढ्याच्या जड तोफा फोडल्या, दारूगोळा नष्ट केला आणि माघारी वळला. त्या माघारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज त्याला येऊन मिळाली. इंग्रजांचं उपाशी लष्कर आपल्या लोकांच्या बाजारातल्या धान्यावर जगलं, ही गोष्ट आपण मराठी माणसं मोठ्या हौसेने सांगतो. त्यामागची दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. एक आख्खा वेढ्याचा तोफखाना इथल्या मातीत टाकून ती फौज गेली. ते जुनं कन्नंबाडी पुढे कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली गेलं.

आठ वर्षांनी, २७ मार्च १७९९ ला मळवळ्ळीजवळ लढाई झाली. जनरल हॅरिसने बन्नूरच्या खालच्या अंगाला सोसलेपाशी कावेरी ओलांडली आणि ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडलं. म्हणजे माझ्या घराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी फौजा गेल्या आहेत. पोराने विचारलं यात नवल काय?

तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब, दोनशे वर्षांपूर्वीचं लोखंड आता काय करणार आहे? मग चला, जरा लांब, मलनाडात, शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर या गावी जाऊ. नाव नवं वाटेल, पण हेच ते बिदनूर. राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा त्यांना वाटेत आसरा देणाऱ्या केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या वंशाची राजधानी. १७६३ मध्ये हैदर अलीने ते जिंकलं आणि हैदरनगर असं नाव दिलं. पुढे ते टिपूच्या ताब्यात होतं आणि तिथे दारूगोळ्याचा साठा असे.

या नगरच्या किल्ल्याच्या परिसरातल्या एका कोरड्या विहिरीत २००२ च्या सुमारास दीडशेच्या वर गंजलेल्या लोखंडी नळ्या सापडल्या. त्या शिवमोग्ग्याच्या संग्रहालयात जाऊन पडल्या. हे टिपूच्या काळातले अग्निबाण आहेत, हे नक्की व्हायला आणखी दहा-अकरा वर्षं गेली. मग जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व विभागाने ती विहीर रीतसर खणली, तेव्हा आणखी हजारावर बाण निघाले. तिथल्या मातीला बंदुकीच्या दारूचा वास येत होता, असं खणणाऱ्यांनी सांगितलं. लोखंडाच्या नळीत ठासलेली दारू, तीही न उडालेली. ज्या बाणांवरून इंग्रजांच्या काँग्रीव्हने आपले अग्निबाण बनवले, ते दोन शतकं एका विहिरीत पडून होते आणि वर गाव नांदत होतं.

तिथे कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. अशी दारू मेलेलीच असते असं समजू नका. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एक अनुभवी संग्राहक आपल्या अंगणात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करत होता. गोळा जवळजवळ दीडशे वर्षांचा. तो फुटला आणि माणूस जागेवर गेला. भरीव लोखंडी गोळा निरुपद्रवी असतो. पण पोकळ गोळ्यात दारू भरलेली असते, आणि गंजाखाली कोणता भरीव आणि कोणता पोकळ हे वरून कळत नाही. मलाही कळत नाही. म्हणून त्या सकाळी मी पोतं उघडलं नाही.

ही झाली जुन्या काळ्या दारूची कथा. विसाव्या शतकातला गोळा याहून कितीतरी वाईट. त्याचं यंत्र थोडक्यात सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तोफगोळ्याच्या नाकावर फ्यूज असतो. गोळा पेटीत असताना हा फ्यूज झोपलेला असतो. गोळा हातातून पडला तरी फुटू नये अशी त्याच्यात कुलपं घातलेली असतात. तोफ उडाली की गोळ्याला मागे दाबणारा प्रचंड धक्का बसतो, त्याने एक कुलूप उघडतं. नळीतल्या आट्यांमुळे गोळा गरगर फिरू लागतो, त्या फिरकीने दुसरं उघडतं. आता फ्यूज जागा झाला. जमिनीवर आपटला की सुई आत जाते आणि गोळा फुटतो.

पण कधीकधी सुई जात नाही. जमीन चिखलाची असते, गोळा तिरपा पडतो, फ्यूजमध्ये दोष असतो. मग तो गोळा नुसता जमिनीत घुसून बसतो. लष्करात आम्ही त्याला ब्लाइंड म्हणतो. आता नीट लक्ष द्या. हा गोळा कोठारातल्या नव्या गोळ्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, कारण त्याची सगळी कुलपं उघडलेली आहेत. सुई कुठे अडकली आहे हे कोणालाच माहीत नाही. नांगराचा फाळ, कुदळ, उन्हाने तापलेला फ्यूज, पोराने मारलेली लाथ, काहीही पुरतं. आतलं टीएनटी दशकानुदशकं तसंच राहतं. लोखंड गंजतं, स्फोटक गंजत नाही.

म्हणून ब्लाइंड कधी उचलून आणत नाहीत. जिथे असेल तिथेच, शेजारी स्फोटक ठेवून उडवतात. त्यासाठी आम्ही वापरायचो ते पीईके. त्यातला शेवटचा के म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी. ते स्फोटक खडकीच्या नावाने देशभर चालतं.

आता जे सांगणार आहे, ते आजवर जाहीरपणे सांगितलेलं नाही.

१९८७ च्या पावसाळ्याचा शेवट. मी कॅप्टन होतो. आमची रेजिमेंट सरावाला एका रेंजवर गेली होती. रेंजचं नाव घेत नाही. मी ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर होतो. प्रत्येक गोळा कुठे पडला आणि फुटला की नाही हे बघायचं काम चौकीवरच्यांचं. संध्याकाळ झाली होती, ढग खाली उतरले होते. शेवटच्या मालिकेत बारा गोळे सुटले. मी अकरा स्फोट मोजले. माझा वायरलेसवाला जवान म्हणाला, "साहेब, बारा." दोन गोळे एकाच क्षणी पडले तर आवाज एकच येतो, हेही खरं.

आम्ही खाली उतरून शोधलं. काळी माती, गुडघाभर गवत. अशा जमिनीत गोळा घुसला की वर उंदराच्या बिळाएवढं भोक राहतं आणि एका सरीत तेही बुजतं. दीडेक तास शोधलं. मग पाऊस आला. पहाटे रेंज दुसऱ्या रेजिमेंटच्या ताब्यात द्यायची होती. माणसं थकली होती, ट्रक उभे होते. मी स्वतःशी ठरवलं की जवानाचा आकडा बरोबर. रेंज साफ असल्याच्या प्रमाणपत्रावर ब्लाइंडच्या रकान्यात "निरंक" लिहिलं आणि सही केली.

कोणी दबाव आणला नव्हता. कोणी सांगितलं नव्हतं. ती सही माझी होती.

पुढच्या फेब्रुवारीत मेसमध्ये चहा पिताना वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी दिसली. त्याच रेंजच्या कडेच्या गावातला एक माणूस भंगार वेचताना स्फोटात गेला. बातमीत त्याचं नाव होतं. ते नाव मला पाठ आहे, पण इथे घेणार नाही. तो गोळा आमचा होता का? मला माहीत नाही. मधल्या महिन्यांत तिथे किती तरी रेजिमेंटी येऊन गेल्या होत्या. कोणाचाही असू शकतो. पण "कोणाचाही असू शकतो" याचा अर्थ "माझाही असू शकतो" असाच होतो ना? अडतीस वर्षं मी या वाक्याशी भांडतो आहे.

मी "एक सापडला नाही" असं लिहिलं असतं आणि नकाशावर जागा दाखवली असती, तर तो माणूस वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण पुढच्या शोधपथकाला कुठे बघायचं ते कळलं असतं. "निरंक" या एका शब्दाने शोधच थांबला. जमिनीत गोळा होता, कागदावर नव्हता. आणि जे कागदावर नाही, त्याचा शोध कोणी घेत नाही.

तो माणूस भंगार का वेचत होता, हेही सांगितलं पाहिजे. गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याचा पट्टा असतो, जो तोफेच्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरवतो. फ्यूजमध्ये पितळ आणि ॲल्युमिनियम असतं. तोफेच्या मारातल्या जमिनीवर शेती धड होत नाही, आणि भंगारवाला तर रोख पैसे देतो. दुष्काळी गावात तांब्याचा पट्टा म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. आम्ही अधिकारी मंडळी म्हणायचो, "फलक लावलाय, तरी येतात, मरतात." मंडळी, फलक वाचता न येणाऱ्याला तो फलक नसतो. आणि वाचता येऊनही घरात दाणा नसेल तर माणूस फलक ओलांडतो.

महाराष्ट्रात हे ठाऊक नसलेली माणसं कमी नाहीत, पण ज्यांना ठाऊक आहे ते फार जवळून जाणतात. अहिल्यानगरजवळची के. के. रेंज घ्या. खारे-कर्जुने या गावाच्या नावावरून के. के. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतली गावं पिढ्यान्‌पिढ्या रणगाड्यांच्या आणि तोफांच्या आवाजात जगली आहेत. गोळ्यांचं भंगार गोळा करताना तिथे माणसं गेलेली आहेत. वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा कोठाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण गेले, त्यांत बहुतेक ठेकेदाराचे मजूर. म्हणजे साफ करण्याचं कामसुद्धा मारतं. फार काय, जर्मनीत गॉटिंगेन शहरात १ जून २०१० रोजी दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब निकामी करायच्या तयारीत असताना तीन तज्ज्ञ ठार झाले. आयुष्यभर हेच काम केलेली माणसं. मग स्कूटरवरच्या पोराची काय कथा?

कायदा आहे का? आहे. १९३८ चा, इंग्रजांच्या वेळचा. मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट असं त्याचं लांबलचक नाव. राज्य सरकार अधिसूचना काढतं आणि ठराविक मुदतीसाठी ठराविक जमीन सरावाला मिळते. लोकांना आधी सूचना द्यायची, धोक्याचं क्षेत्र जाहीर करायचं, नुकसान झालं तर भरपाई द्यायची. त्या काळाच्या मानाने वाईट कायदा नाही. पण त्याचा सगळा भर सराव चालू असतानाच्या दिवसांवर आहे. तोफ गप्प झाल्यानंतरच्या पन्नास वर्षांचं काय?

याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे काश्मीरमधल्या बडगाम जिल्ह्यातलं तोसामैदान. उंचावरचं विस्तीर्ण कुरण, गुज्जरांची आणि मेंढपाळांची पिढीजात चराई. १९६४ पासून ते तोफखान्याच्या सरावाला होतं. पन्नास वर्षं. त्या काळात न फुटलेल्या गोळ्यांनी साठांहून अधिक माणसं मारली, असं तिथली गावं सांगतात. हातपाय गमावलेले वेगळे. गावकऱ्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केले, मोर्चे काढले, आणि एप्रिल २०१४ मध्ये मुदत संपली तेव्हा ती पुन्हा वाढवली गेली नाही. पुढच्याच महिन्यात सात वर्षांच्या एका मुलीच्या हातात गोळा फुटून ती गेली. त्यानंतर लष्कराने मोठी सफाई मोहीम घेतली, पथकं लावून कुरण विंचरून काढलं आणि सापडेल ते जागेवर उडवलं. जवानांनी जिवावर उदार होऊन केलेलं काम आहे ते, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. २०१६ मध्ये तोसामैदान पर्यटकांसाठी खुलं झालं. आणि तरीही २०१८ मध्ये तिथे पुन्हा स्फोट झाला आणि एक तरुण गेला.

याचा अर्थ जवानांनी काम नीट केलं नाही असा नाही. याचा अर्थ असा की "साफ" हा शब्द जमिनीच्या बाबतीत पूर्णपणे खरा कधीच नसतो. बर्फाने, पावसाने, ओढ्याच्या पाण्याने खालचं वर येतं आणि वरचं खाली वाहत जातं. कारगिलमध्ये १९९९ च्या युद्धातला गोळा एप्रिल २०२३ मध्ये फुटला आणि त्यात तेरा वर्षांचा मुलगा गेला. युद्ध झालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

मग करायचं काय? सगळी जमीन कुंपण घालून सोडून द्यायची?

फ्रान्सने काही ठिकाणी तेच केलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्यांनी सुमारे १,२०० चौरस किलोमीटर जमीन नकाशावर लाल रंगाने दाखवली आणि तिथे राहणं, शेती करणं बंद केलं. पुढे त्यातली बरीचशी परत दिली, पण व्हर्दनच्या आसपास काही भाग आजही बंद आहे. फ्रान्स-बेल्जियमचे शेतकरी दर हंगामात नांगरटीत निघालेल्या गोळ्यांची खबर देतात आणि सरकारी पथक येऊन ते घेऊन जातं. शंभर वर्षं हे चाललं आहे. मला त्यातला लाल रंग महत्त्वाचा वाटतो, कुंपण नाही. जमीन परत दिली, पण ती लाल होती हे नकाशा विसरला नाही.

जर्मनीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बर्लिनजवळ ओरानियेनबुर्ग नावाचं गाव आहे. तिथे दोस्तांनी टाकलेल्या अनेक बॉम्बना उशिरा फुटणारे रासायनिक फ्यूज होते आणि त्यातले कितीतरी अजून जमिनीत आहेत. तिथे घर बांधायचं तर आधी काय करतात? इंग्रज-अमेरिकन विमानांनी युद्धात काढलेले फोटो काढून बघतात. ज्या शत्रूने बॉम्ब टाकले, त्याच्याच दप्तरातले फोटो! कुठे मोठा खड्डा आहे आणि कुठे नुसतं छोटं भोक, हे त्यात दिसतं. छोटं भोक म्हणजे न फुटलेला बॉम्ब. ऐंशी वर्षांपूर्वीचा एक फोटो आज एका कुटुंबाला वाचवतो. याला मी इतिहासाचा खरा उपयोग म्हणतो.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे जमिनीचा इतिहास ठेवणारा कागद कोणता? प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. सातबारा. कर्नाटकात पहाणी म्हणतात. त्यात "इतर हक्क" नावाचा रकाना असतो. सोसायटीचं कर्ज, कुळाचा हक्क, विहिरीतला वाटा, सगळं त्यात येतं. दोन हजार रुपयांचा बोजासुद्धा तिथे दिसतो आणि जमीन घेणारा आधी तो रकाना बघतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी जमीन कधीही फायरिंग रेंजमध्ये होती, सरावाला अधिसूचित होती, जिथे दारूगोळा नष्ट केला जायचा, तिच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात एक ओळ असावी. "अमुक सालापासून अमुक सालापर्यंत सरावक्षेत्र." सफाई झाली असेल तर कधी झाली, किती खोलीपर्यंत झाली, काय सापडलं. आणि काय सापडलं नाही, तेही. ही ओळ कधी पुसू नये. जमीन विकली, वाटण्या झाल्या, बिगरशेती झाली, प्लॉट पडले, तरी ती ओळ पुढे चालावी.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, जमिनीचा भाव पडेल. पडेल. सांगितल्यामुळे थोडा पडेल, हे मान्य. पण जेसीबी चालवणाऱ्या पोराचा जीव त्या भावात धरलेला नाही. दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा: लष्कराची माहिती गुप्त असते. चालू रेंजची असावीही. पण जी जमीन आपण शेतकऱ्याला परत दिली, तिच्या पोटात काय आहे हे त्याच्यापासून गुप्त ठेवणं, याला मी सुरक्षा म्हणत नाही. जमीन परत देताना तिची आठवणही परत द्यावी लागते. २०२३ पासून छावण्यांमधला नागरी भाग स्थानिक संस्थांकडे सोपवायला सुरुवात झाली आहे, हिमाचलमधलं योल त्यातलं पहिलं. बाजारपेठेत आणि वस्तीत कोणी तोफगोळे डागत नाही, हे मी जाणतो. पण लष्कराकडून जमीन नागरिकाकडे जाण्याचा काळ आहे हा. कागद नीट देण्याची सवय आत्ताच लागलेली बरी.

नोंद होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या-माझ्या हातात काय आहे? अमेरिकेत जुन्या लष्करी जमिनींवर लोकांना तीन गोष्टी शिकवतात: ओळखा, मागे फिरा, कळवा. त्यात मी आपल्याकडची भर घालतो.

नांगरताना, विहीर खणताना, नदीच्या पात्रात, पाया खोदताना अनोळखी धातूची वस्तू दिसली की थांबा. नळकांड्यासारखी, गोल, टोकदार, मागे पाती असलेली, कशीही. हात लावू नका, माती झाडू नका, पाणी ओतू नका. जवळ जाऊन फोटो काढू नका. ज्या पावलांनी गेलात त्याच पावलांनी मागे या. लांबवर फांदी किंवा दगड ठेवून खूण करा, पोरांना आणि गुरांना दूर ठेवा आणि मग ११२ ला फोन करा. पोलीस पथकाला बोलावतील, गरज पडली तर पथक लष्कराला बोलावेल. तुम्ही वस्तू ठाण्यात नेऊन द्यायची नाही, आणि निवृत्त कर्नलच्या फाटकाशी तर मुळीच नाही.

फौजी घरांसाठी वेगळं सांगतो. आपल्याकडे सातारा-कोल्हापूर भागात कितीतरी घरांत पितळी काडतुसाची फुलदाणी असते. रिकामं कवच असेल तर ठीक. पण आजोबांनी आणलेला, नाक असलेला, बंद गोळा माळ्यावर असेल, तर आज हा भाग संपल्यावर फोन करा. आजोबा शूर होते, यात शंका नाही. पण त्यांनी तो उघडून बघितला होता का, हे तुम्हाला माहीत नाही.

आणि शेवटचं. खबर दिली आणि निघाला चरकाचा तुकडा, तर लाज वाटून घेऊ नका. आमचा शेजारी पोरगा महिनाभर मित्रांच्या थट्टेने हैराण होता. त्याला मी माझ्या अंगणात बसवून ही माझ्या सहीची गोष्ट सांगितली. घरच्यांशिवाय पहिल्यांदा कोणाला सांगितली असेल तर त्याला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सार, तुम्ही तेव्हा बाराऐवजी अकरा लिहिलं असतं, तर तुम्हालाही लोक हसले असते?"

मी म्हटलं, हसले असते. पहाटे रेंज द्यायला उशीर झाला असता, वरून बोलणी खावी लागली असती, आणि शोधून कदाचित काहीच सापडलं नसतं. त्या हसण्याला भिऊनच मी बारा लिहिले.

म्हणून सांगतो मंडळी, शंभर वेळा चरकाचा तुकडा निघाला तरी चालेल. शंका असेल तर अकरा लिहा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.